मुलाची वाट पाहणारं अ‍ॅप

(पुण्यात बालवाडी-अंगणवाडीतल्या ताई आणि पालक यांच्यासमोर केलेलं भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

ताई, आपा, भाभी, आणि मागे दाराशी उभी असलेली अब्बा मंडळी, आत या. चटई मोठी आहे.

संयोजकांनी मला दिलेला विषय होता 'मोबाइलचे दुष्परिणाम'. तो मी बदलून मागितला. दुष्परिणाम तुम्हाला पाठ आहेत. दवाखान्यात सांगतात, शाळेत सांगतात, आणि गंमत म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर, म्हणजे त्याच मोबाइलवर, रोज सकाळी येतात. पण पोराच्या हातात फोन द्यायची वेळ आलीच, तर त्यात काय लावून द्यायचं, हे कोणी सांगत नाही. आज मी तेवढंच बोलणार आहे.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दहा-अकरा वर्षं अ‍ॅप बनवण्याचंच काम करतो. लहान मुलांची नव्हे, बिल भरायची, सामान मागवायची. पण अ‍ॅपचं पोट उघडलं की आतडी सगळीकडे सारखीच. आणि घरात साडेतीन वर्षांची मुलगी आहे, त्यामुळे रोज संध्याकाळी माझीही परीक्षा असते.

आधी डॉक्टरांचं माप सांगून टाकतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलं की एक वर्षाखालच्या बाळाला स्क्रीन अजिबात नको, एक वर्षाच्या मुलालाही नको, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको. कमी असेल तितकं बरं. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं मापही जवळपास हेच आहे. दोन वर्षांपर्यंत नाही, फक्त नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल चालेल. तेव्हा दोन वर्षांखालच्या बाळासाठी चांगलं अ‍ॅप कोणतं, असं मला विचारू नका. नसतंच. मी बोलतोय ते दोन ते पाच वर्षांच्या मुलांबद्दल आणि त्या एका तासाच्या आतलं.

बाळाला का नको, याचं एक उदाहरण मला फार आवडतं. अमेरिकेत पॅट्रिशिया कूल नावाच्या संशोधक आहेत. त्यांनी २००३ मध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषेचे आवाज ऐकवले. काही बाळांसमोर चिनी बोलणारी खरी माणसं बसली, खेळणी दाखवत, गोष्टी वाचत, अशी बारा सत्रं झाली. दुसऱ्या काही बाळांना त्याच माणसांचा, तोच मजकूर असलेला व्हिडिओ दाखवला. माणसांसोबत बसलेल्या बाळांना चिनीतले बारीक आवाज वेगळे ओळखता यायला लागले. व्हिडिओ पाहणारी बाळं जिथल्या तिथे राहिली. आवाज तोच, शब्द तेच, फक्त समोर माणूस नव्हता. घरात एक भाषा, अंगणवाडीत दुसरी आणि फोनमध्ये तिसरी असलेल्या आपल्या मुलांसाठी ही छोटी गोष्ट नाही. पुढे तिच्याकडे परत येऊ.

आता जरा नाजूक विषय. फोन कोण देतं? बहुतेक वेळा आई. का देते? एका खोलीत स्टोव्ह पेटलेला आहे, कढईत तेल आहे, पोरगं पायात येतंय. किंवा शिलाई मशीन चालू आहे, रात्रीपर्यंत पन्नास नग द्यायचेत आणि सुई बोटाच्या उंचीवर आहे. तिला वीस मिनिटं हवी असतात, तेवढा वेळ पोरगं एका जागी बसलं पाहिजे. या बाईला दोष देणाऱ्यांची यादी मोठी आहे, मला त्यात नाव घालायचं नाही. तिची गरज खरी आहे. तिला फसवणारा माल मिळतो, हे मला खटकतं.

फसवणारा का म्हणतो? 'शैक्षणिक' हा शब्द अ‍ॅपच्या नावात घालायला कोणाची परवानगी लागत नाही. दुधाच्या पिशवीवर काय लिहायचं याला नियम आहेत, या शब्दाला नाहीत. पूर्वी 'बेबी आइन्स्टाइन' नावाचे बाळांसाठीचे व्हिडिओ जगभर खपले. नावातच आइन्स्टाइन! त्यांच्या दाव्यांवर इतके आक्षेप आले की २००९ मध्ये डिस्ने कंपनीनं गिऱ्हाइकांना पैसे परत द्यायची तयारी दाखवली. आता व्हिडिओ गेले, अ‍ॅप आली. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी पाच वर्षांपर्यंतची मुलं वापरतात अशी १३५ अ‍ॅप तपासली. त्यातल्या ९५ टक्के अ‍ॅपमध्ये कोणत्या ना कोणत्या प्रकारची जाहिरात निघाली. एका अ‍ॅपमध्ये तर मुलानं काही विकत न घेता दुकानाचं पान बंद केलं, तर आतलं कार्टून रडायला लागायचं. चार वर्षांच्या मुलाला वाटतं, माझ्यामुळे हे रडतंय. मोठ्या माणसाला असा प्रकार बाजारात कोणी केला, तर आपण त्याला दुकानातून हाकलू.

हे सगळं का होतं, ते माझ्या धंद्यातलं असल्यामुळे सांगू शकतो. अ‍ॅप बनवणाऱ्या कुठल्याही ऑफिसात जा, भिंतीवरच्या स्क्रीनवर एक आकडा असतो. आज ज्यांनी अ‍ॅप घेतलं, त्यांतले किती जण उद्या परत आले, सातव्या दिवशी किती, तिसाव्या दिवशी किती. दुसरा आकडा असतो, एकदा उघडल्यावर माणूस किती मिनिटं टिकला. हा आकडा पडला की मीटिंग होते. बिल भरायच्या अ‍ॅपमध्ये त्याचा त्रास फारसा नसतो, कारण बिल भरलं की तुम्ही जाताच. पण जे अ‍ॅप फुकट आहे आणि जाहिरातीवर चालतं, त्याचं उत्पन्न म्हणजे तुमच्या मुलाची मिनिटं. मुलानं फोन खाली ठेवला की मीटर बंद. मग तिथले हुशार लोक, आणि ते खरंच हुशार असतात, सगळी अक्कल एकाच गोष्टीवर लावतात: खाली ठेवू द्यायचा नाही. म्हणून रोजचं बक्षीस, चमकणारं कुलूप, 'व्हिडिओ बघ आणि नाणी मिळव', एक खेळ संपायच्या आत दुसऱ्याचं तोंड दिसणं. यात शिकवण्याचा संबंध कुठे आहे ते मला आजवर सापडलेलं नाही.

आणि हे सगळ्यांच्या वाट्याला सारखं येत नाही. २०२२ मध्ये अमेरिकेतच तीन ते पाच वर्षांच्या १६० मुलांच्या वापरातली अ‍ॅप पाहिली गेली. मुलाला अडकवून ठेवणाऱ्या अशा युक्त्या सर्रास होत्या, आणि कमी शिकलेल्या, कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांच्या फोनमध्ये त्या जास्त होत्या. आपल्याकडे वेगळं असेल असं मानायला मला कारण दिसत नाही. पैसे भरणाऱ्याचं पोर जाहिरातीविना खेळतं आणि फुकटवाल्याचं पोर स्वतःच माल होतं. म्हणून मी हा विषय नुसता पालकत्वाचा मानत नाही.

तर शांत अ‍ॅप म्हणजे काय? हळू आवाजातली बासरी आणि फिके रंग म्हणजे शांत, असं नाही. माझी व्याख्या सोपी आहे. शांत अ‍ॅप मुलाची वाट पाहतं. अशांत अ‍ॅप मुलाला वाट पाहू देत नाही.

ही तपासणी घरी करता येते, इंजिनिअर लागत नाही. मुलाला द्यायच्या आधी अ‍ॅप स्वतः उघडा. आधी इंटरनेट बंद करा, विमानाचं चित्र असतं ते दाबा. आता अ‍ॅप चालतंय का? चाललं, तर तेवढ्या वेळापुरत्या बहुतेक जाहिरातींच्या वाटाही बंद झाल्या. नुसत्या या एका गोष्टीनं निम्मा कचरा गळतो. मग फोन मांडीवर ठेवा आणि एक मिनिटभर काहीच करू नका. मूल असंच करतं. ते थांबतं, नाकात बोट घालतं, खिडकीबाहेर बघतं, विचार करतं. त्या मिनिटात अ‍ॅप काय करतं बघा. बाण नाचवतं का, 'दाब, दाब' म्हणून ओरडतं का, की तसंच बसून राहतं? बसून राहिलं तर शंभरातले साठ गुण तिथेच द्या. मग मुद्दाम चुकीचं उत्तर द्या. भोंगा वाजतो का? मग बरोबर द्या. फटाके फुटतात का? दोन्ही नकोत. आणि शेवटी, खेळ संपतो का ते बघा. कोडं पूर्ण झालं आणि चित्र तसंच राहिलं, की तीन मोजायच्या आत दुसरं कोडं अंगावर आलं?

वेगाचं इतकं का मनावर घ्यायचं? व्हर्जिनिया विद्यापीठातला २०११ चा एक प्रयोग आहे. चार वर्षांच्या ६० मुलांचे तीन गट केले. एका गटानं नऊ मिनिटं अतिवेगवान कार्टून पाहिलं, त्यात सरासरी दर ११ सेकंदांना दृश्य बदलत होतं. दुसऱ्यानं संथ कार्टून पाहिलं, ३४ सेकंदांना एक दृश्य. तिसऱ्यानं चित्रं काढली. लगेच नंतर मुलांना लक्षात ठेवायची, स्वतःला आवरायची छोटी कामं दिली. वेगवान कार्टून पाहिलेली मुलं मागे पडली. नऊच मिनिटं. हा परिणाम किती टिकतो ते त्या प्रयोगात मोजलेलं नाही, त्यामुळे घाबरून जाऊ नका. पण फोन हातातून काढल्यावर पोरगं वेड्यासारखं का वागतं, त्याचं थोडं उत्तर इथे आहे. ते वाईट वळणाचं नाही. त्याला इतका वेळ कोणीतरी पळवत होतं.

ही वाट पाहण्याची कल्पना सॉफ्टवेअरवाल्यांनी शोधलेली नाही. मारिया माँटेसरी १९३९ मध्ये भारतात आल्या आणि युद्धामुळे त्यांचा मुक्काम लांबला. त्यांचा तो लाकडी ठोकळा बालवाडीच्या ताईंनी पाहिला असेल, वेगवेगळ्या जाडीच्या दट्ट्या आपापल्या भोकात बसवायचा. चुकलं तर शेवटी एक दट्टी उरते, बसत नाही. कोणी 'चूक' म्हणत नाही, ठोकळाच सांगतो. आणि ठोकळा कधी घाई करत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि नंतर कोसबाडला जे काम उभं केलं, तिथे तर दट्ट्याही विकत आणायला पैसे नव्हते. शंख-शिंपले, बिया, पानं, खडे यांवर मुलं मोजायला, लावायला शिकली. 'अंगणवाडी' हा शब्द त्याच मातीतला आहे. मला अ‍ॅपमध्ये तो ठोकळा आणि त्या बिया शोधायच्या असतात. क्वचित सापडतात.

तुम्ही नावं विचारणार, म्हणून सांगतो. माझा यातल्या कुणाशी पैशाचा संबंध नाही. 'खान अकॅडमी किड्स' दोन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी आहे, फुकट आहे, जाहिरात नाही, आत काही विकत नाहीत, कारण ती देणग्यांवर चालणारी संस्था आहे. मात्र भाषा मुख्यतः इंग्रजी. 'जीकॉम्प्री' हे २००० सालापासून चाललेलं मुक्त सॉफ्टवेअर आहे. जगभरातले स्वयंसेवक ते लिहितात, कोणीही आतला कोड वाचू शकतो, जाहिरात नाही, इंटरनेटशिवाय चालतं, जुन्या कॉम्प्युटरवरही चालतं. दिसायला ते साधं आहे, काही पालकांना गावठी वाटेल. मुलाला वाटत नाही. त्यातले बरेच खेळ मोठ्या मुलांचे आहेत, तेव्हा सोपे निवडून द्या. 'पॉक पॉक' हे कॅनडात बनलेलं अ‍ॅप याच शांतपणाच्या विचारानं केलेलं आहे, त्यात जिंकणं-हरणंच नाही. पण त्याला वर्गणी लागते, आणि आपल्यापैकी कितींना ती परवडेल हे मला ठाऊक आहे. म्हणून त्याचं नाव घेऊन पुढे जातो.

सगळ्यात जास्त उपयोग मात्र मला 'स्टोरीवीव्हर'चा झाला. प्रथम बुक्सनं २०१५ मध्ये सुरू केलेला हा चित्रपुस्तकांचा साठा फुकट आहे. मराठीत आहे, उर्दूत आहे, हिंदीत आहे. बरीच पुस्तकं एकाहून जास्त भाषांत सापडतात. पहिल्या पातळीचं पुस्तक उतरवून घ्या, पानावर दोन-चार शब्द आणि मोठं चित्र असतं. माझ्या मुलीची नानी उर्दूतून वाचते, मी तेच मराठीतून वाचतो, आणि पोरगी आम्हा दोघांच्या चुका काढते. पान उलटलं नाही तर ते पान तिथेच राहतं. रात्रभर राहील.

आता ते चिनी बोलणारे पाहुणे आठवा. अ‍ॅप शंभर इंग्रजी शब्द बोलेल, पण मुलाला उलट विचारणार नाही की 'तुझ्या खालाकडे अशीच बकरी आहे ना?' तो शब्द तुमच्याकडून यायला हवा. त्यासाठी एक युक्ती: अ‍ॅपचा आवाज बंद करा. पूर्ण बंद. चित्र त्यांचं राहू दे, आवाज तुमचा द्या. बकरी म्हणा, शेळी म्हणा, घरात जे बोलता ते म्हणा. दखनी बोलत असाल तर दखनीच. तव्यावर पोळी टाकताटाकताही हे जमतं, स्क्रीनकडे बघावंही लागत नाही. 'काय दिसतंय रे?' एवढं विचारलं तरी पुरतं.

अक्षरांच्या अ‍ॅपबद्दल थोडं कडक बोलतो. अ-आ-इ असो, एबीसी असो की अलिफ-बे-पे, फुकट अक्षरओळखीची अ‍ॅप ढिगानं मिळतात आणि त्यांतली बरीचशी एकाच साच्यातून काढलेली असतात. वर मशिदीचं नाहीतर सरस्वतीचं चित्र पाहून आपल्याला भरवसा वाटतो. मी उघडलेल्या अशा एका अ‍ॅपमध्ये 'जीम' आणि 'चे' यांच्यामध्ये रमीची जाहिरात आली. चित्र बघून भरवसा ठेवू नका. विमान मोडची तपासणी सगळ्यांना सारखी लावा.

फोनमध्ये आधीपासून असलेल्या काही गोष्टी याहून चांगल्या आहेत, आणि त्यांना कोणी शैक्षणिक म्हणत नाही. आवाज रेकॉर्ड करायची सोय घ्या. दादीकडून, नानीकडून एक कहाणी बोलून घ्या, दोन मिनिटांची, मध्ये खोकला आला तरी राहू द्या. आई मशीनवर असताना पोरगं ती ऐकतं, स्क्रीन काळी असते. मग पोराचाही आवाज रेकॉर्ड करून त्यालाच ऐकवा, बघा काय होतं. फोटोंची गॅलरी घ्या. ईदच्या दिवशीचे पाच फोटो, 'हे कोण, काय खातंय?' बॅटरी लावून भिंतीवर हातांची सावली पाडा. अंगणवाडीच्या ताईंनो, हे तुमच्याकडच्या एका फोनवर वीस मुलांना चालतं. कुठलं अ‍ॅप वीस मुलांना चालतं?

राहिला बंद करण्याचा प्रश्न, ज्यावरून घरोघरी रडारड होते. आपण सगळे म्हणतो, 'अजून दोन मिनिटं हं, मग बंद.' वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये लहान मुलांच्या घरांत हेच पाहिलं, आणि निघालं उलटंच. दोन मिनिटांचा इशारा दिल्यावर त्रागा वाढत होता. मुलांनी सहज सोडलं ते कधी? खेळाचा किंवा गोष्टीचा स्वाभाविक शेवट आला तेव्हा, आणि रोजच्या ठरलेल्या क्रमात ते बसत होतं तेव्हा. दोन मिनिटं म्हणजे काय हे तीन वर्षांच्या मुलाला कळतच नाही हो. 'हे कोडं झालं की हात धुवायचे' हे कळतं. म्हणून मी मघापासून शेवट असलेलं अ‍ॅप शोधा म्हणतोय. ज्या खेळाला शेवट नाही, त्याचा शेवट तुम्हाला करावा लागतो, आणि मग रडणं तुमच्या नावावर जमा होतं.

व्हिडिओ लावायचेच असतील तर आपोआप पुढचा लागायची सोय बंद करा. 'यूट्यूब किड्स'मध्ये शोधायची खिडकी बंद करता येते आणि फक्त आपण निवडलेलेच व्हिडिओ दिसतील असंही करता येतं. चार निवडा. चारच. मुलाला तेच तेच बघायला आवडतं, कंटाळा आपल्याला येतो.

कायद्याचं एक वाक्य सांगतो, कारण ते उपयोगी आहे. २०२३ च्या आपल्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात कलम ९ आहे. १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी, आणि मुलाच्या हालचालींवर पाळत ठेवायला किंवा त्याला नेम धरून जाहिराती दाखवायला मनाई आहे. काही ठिकाणी सूट द्यायचा अधिकार सरकारनं ठेवला आहे. पण अंगणवाडीत किंवा बालवाडीत उद्या कोणी 'मुलांची प्रगती मोजणारं मोफत अ‍ॅप' घेऊन आलं, तर कलम ९ बद्दल विचारा. मुलाचं नाव, फोटो, आवाज कुठे जातो, कोण ठेवतं, आणि मूल शाळेतून गेल्यावर ते पुसणार का. उत्तर लेखी मागा. प्रश्न विचारणारी ताई दिसली की अर्धे विक्रेते चहा पिऊन निघून जातात, हे मी विक्रेत्यांच्या बाजूनं बसून पाहिलेलं आहे.

अब्बा मंडळींना एकच सांगायचं आहे. घरातला बरा फोन तुमच्या खिशात असतो आणि जुना, तडा गेलेला, जाहिरातींनी भरलेला फोन घरी असतो. त्या घरच्या फोनवर एका रविवारी अर्धा तास बसा. नको ती अ‍ॅप काढा, दहा गोष्टी उतरवून ठेवा, खरेदीला पासवर्ड लावा. हे काम बायकोचं नाही.

माझं बोलणं झालं. आता ज्यांना अ‍ॅप 'पिन' करून हवं आहे, म्हणजे मूल एका खेळातून बाहेर दुसरीकडे जाऊ शकणार नाही अशी सेटिंग, त्यांनी फोन घेऊन इकडे या. अँड्रॉइडवर सेटिंगमध्ये 'पिन' शोधलं की सापडतं, आयफोनवर त्याला 'गाइडेड अ‍ॅक्सेस' म्हणतात. अंगणवाडीच्या ताईंना आधी घेऊ, त्यांना बस पकडायची आहे. चार्जर दोन्ही प्रकारचे आणलेत.